बीड ते कपिलधार स्कूटीवरून: बुरखा, हेल्मेट, घाट आणि डिक्कीतलं सामान

बीडमधून सोलापूरच्या दिशेनं निघालं की पालीजवळ बिंदुसरा धरण दिसतं, मग मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो, आणि त्याच बालाघाटाच्या डोंगरात हायवे सोडून आत वळलं की कपिलधार. बीडपासून अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. तिथं संत मन्मथ स्वामींची समाधी आहे. लिंगायत समाजाचं ते मोठं तीर्थक्षेत्र. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटक-तेलंगणातून पायी दिंड्या येतात. पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की मग सगळेच जातात, आपलीही कुटुंबं जातात. अम्मी-अब्बा, दोन मुलं, डबा, चटई, सगळं एका स्कूटीवर.

मी शिक्षिका आहे, शाळा याच पट्ट्यात आहे, आणि सोळा वर्षं झाली, रोजचं जाणं-येणं स्कूटीवर. (आमच्याकडे बिनगिअरची कुठल्याही कंपनीची गाडी असो, ती "स्कूटी"च. मीही इथं तसंच लिहिते.) सुरुवातीला रस्त्यात दुसरी बुरखेवाली चालक क्वचित दिसायची. आता सकाळी आठ ते नऊ या वेळात मोजायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. शिक्षिका, नर्स, आशा ताई, बँकेतल्या मुली, शिवणक्लासला जाणाऱ्या, मुलांना मदरशात सोडणाऱ्या. गाडी आली, पण गाडीबरोबर जी माहिती यायला पाहिजे ती घरोघरी पोचलेली नाही, असं मला रोज दिसतं. म्हणून हे लिहिलंय.

चेतकपासून स्कूटीपर्यंत

आमच्या अब्बांच्या पिढीची गाडी म्हणजे बजाज चेतक. बजाजनं 1960 च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर वेस्पा बनवायला सुरुवात केली आणि 1972 मध्ये चेतक आणली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. 1985 मध्ये औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हा मराठवाड्यात "आपली" गाडी झाली ती. डाव्या हातात क्लच आणि गिअर, उजवीकडे इंजिनाचं वजन, सकाळी गाडी तिरकी करून मग किक मारायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं. आणि मागं स्टेपनी, जी आताच्या स्कूटीला नाही आणि जिची किंमत पंक्चर झाल्यावरच कळते.

बाईमाणसाच्या हातात गाडी आली ती दुसऱ्या बाजूनं. 1972 सालचीच लुना, कायनेटिक इंजिनिअरिंगची, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याशी नातं असलेली. मग 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली: गिअर नाही आणि बटण दाबलं की चालू. 1994 च्या सुमारास टीव्हीएसची स्कूटी आली, तिचंच नाव पुढं सगळ्या जातीला पडलं. 2001 च्या सुमारास ॲक्टिव्हा. बजाजनं 2009 च्या अखेरीस स्कूटरचा धंदा सोडतो म्हणून जाहीर केलं, आणि दहा वर्षांनी त्याच चेतकचं नाव विजेवरच्या गाडीला दिलं. मोटारसायकल घरातल्या पुरुषाची असते. स्कूटी मात्र अख्ख्या घराची असते: सकाळी मुलगी कॉलेजला नेते, दुपारी अम्मी दवाखान्यात, संध्याकाळी भाऊ दूध आणायला. म्हणूनच तिची जबाबदारी कुणा एकाची राहत नाही, आणि ब्रेक कधी बघितले होते हे कुणालाच आठवत नाही.

ओढणी आणि बुरखा

हा भाग मी मोठा लिहिणार आहे, कारण यावर कुणी लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी मी मागं बसले होते, चालवत दुसरी एक बाई होती. बुरख्यावरून मोठी ओढणी घेतलेली, तिचं एक टोक पाठीमागं सुटलेलं. वेग तीसच्या आतच असेल. एकदम मान मागं खेचली गेली. ओढणी मागच्या चाकात गेली होती. गाडी लगेच थांबली, आणि ओढणी जुनी, विरलेली होती म्हणून फाटली. अल्लाहचा शुक्र की ती नवी नव्हती. चहाच्या टपरीवरच्या माणसानं सुरीनं उरलेली कापून काढली. गळ्यावरचा लाल पट्टा पंधरा दिवस होता. गळ्याभोवती गुंडाळलेलं कापड चाकात गेलं तर श्वास थांबायला, मानेचं हाड मोडायला काही क्षण पुरतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 क्रमांकाचा नियम नेमका यासाठीच आहे. दुचाकीला मागच्या माणसासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण पाहिजे, म्हणजे कपडा अडकणार नाही. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. ते गाडीबरोबरच मिळायला हवं. बरेच जण "लुक खराब होतो" म्हणून काढून ठेवतात, मुलं तर हमखास. स्कूटीत डाव्या बाजूला इंजिनाच्या पेटीनं चाक बरंचसं झाकलेलं असतं, म्हणून लोक बेफिकीर असतात. पण सायलेन्सर आणि टायर यांच्यामध्ये फट असतेच, आणि हवेत उडणारं कापड आपली वाट शोधतं. आपल्या गाडीजवळ उभं राहून एकदा बघा, तळहात कुठून आत जातो ते. तिथूनच ओढणी जाते.

आता काय करायचं. ओढणी घालायचीच तर बुरख्याच्या आत, छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ. बाहेर लोंबणारं टोक एकही नको. बुरखा गाडीसाठी वेगळा शिवून घ्या; मी शिवून घेतलाय. घेर कमी, लांबी घोट्याच्या चार बोटं वर, पुढून पूर्ण चेन किंवा बटणं, आणि खालून गुडघ्यापर्यंत उघडता येईल अशी. आत सलवार किंवा पायजमा असतोच, त्यामुळं पडद्याचा प्रश्न येत नाही. बसल्यावर दोन्ही बाजूंचा घेर मांडीखाली दाबून घ्यायचा. हे रोज, न चुकता. बाही मनगटाशी घट्ट हवी. सैल बाही ब्रेकच्या लिव्हरला अडकते, आणि ती नेमकी ब्रेक दाबायच्या वेळीच अडकते.

मागं बसणाऱ्या बाईनं दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायची आपल्याकडे रीत आहे. शरम वाटते, सासूबाई काय म्हणतील, वगैरे. पण एका बाजूला बसलं की गाडीचा तोल चालवणाऱ्याला सतत सांभाळावा लागतो, खड्डा आला की पकडायला काही नसतं, आणि कपड्याचा सगळा घेर एकाच बाजूला लोंबतो. वर सांगितलेला उघडता येणारा बुरखा असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसण्यात उघडं काहीच पडत नाही. घरातल्या मोठ्यांना समजावून सांगितलं की पटतं. माझ्या सासूबाईंना पटायला दोन वर्षं लागली, ते जाऊ द्या.

नकाबबद्दल: डोळ्यांची फट रुंद हवी. मान न वळवता दोन्ही आरसे दिसले पाहिजेत, ही माझी कसोटी. समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही असा नकाब गाडीवर चालत नाही. फुल फेस हेल्मेट घातलं तर चेहरा तसाही झाकलेला असतो, आतून पातळ सुती कापड पुरतं. काच मात्र साधी, पारदर्शक घ्या. काळी काच संध्याकाळी आंधळं करते.

हेल्मेट, आणि त्याचे बहाणे

कायदा साधा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 129: चार वर्षांवरील प्रत्येकानं, चालवणारा असो की मागं बसलेला, हेल्मेट घालायचं आणि पट्टा लावायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194-ड प्रमाणं 1000 रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन अपात्र होऊ शकतं. पगडी घातलेल्या शीख बांधवांना यातून सूट आहे. टोपीला, हिजाबला, रुमालाला सूट नाही. जुम्याच्या नमाजला जाताना पांढरी टोपी घालून गाडीवर बसायचं आणि हेल्मेट आरशाला लटकवायचं, हे मी दर शुक्रवारी बघते. टोपी घडी करून खिशात राहते, मशिदीच्या दारात घालता येते.

घेताना आयएसआय चिन्ह आणि त्याबरोबर आयएस 4151 हा आकडा बघा. 1 जून 2021 पासून हे चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणंच बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली मिळतातच. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो मोबाईलवर "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. अर्धं, टोपीसारखं हेल्मेट पोलिसाला दाखवायला असतं. आपटल्यावर जबडा आणि कान उघडे. फुल फेस घ्या.

माप घरीच घ्या. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती गुंडाळायची. सेंटीमीटरमध्ये जो आकडा येईल तोच हेल्मेटचा नंबर. आपल्या बायकांनी माप घेताना रोजचा स्कार्फ बांधून घ्यायचं, आणि दुकानातही तसंच घालून बघायचं. मोकळ्या डोक्यावर बरोबर बसलेलं स्कार्फवर घट्ट होतं, मग डोकं दुखतं, मग ते डिक्कीत जातं. स्कार्फ पातळ, सुती, एकपदरी. आत पिना नकोत, आपटलं तर त्याच टोचतात. केसांचा अंबाडा वर बांधला की हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढं डोळ्यांवर येतं, म्हणून केस मानेजवळ सैल वेणीत ठेवा. पट्टा हनुवटीखाली, दोन बोटं जातील एवढाच सैल. डोकं जोरात हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर हललं तर बरोबर. डोकं हललं आणि हेल्मेट मागं राहिलं तर मोठं झालं.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नये, बाहेरून कितीही चांगलं दिसो. आतला थर्माकोलसारखा थर दबून जातो, तो एकदाच काम करतो. त्यामुळं सेकंड-हँड हेल्मेट कुणाकडून घेऊ नका, भावाकडूनही नाही.

"दोन किलोमीटर तर जायचंय" हा बहाणा मी वर्गात गणित करून खोडून काढते. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. कुत्रं आडवं आलं, डोळ्यांनी बघितलं, मेंदूनं सांगितलं, हातानं ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी वर्गखोलीच्या लांबीपेक्षा जास्त पुढं गेलेली असते. ताशी 60 ला हेच 17 मीटर होतात. मुलं खडूनं मैदानात अंतर मोजतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. घर जवळ आहे म्हणून हा आकडा बदलत नाही.

घाट, फाटा आणि उसाच्या ट्रॉल्या

बीडहून जाताना चढ आहे, परत येताना उतार. चढाला स्कूटीचा वेग पडतो, ट्रक मागं येतात आणि हॉर्न मारतात. घाबरून उजवीकडे सरकू नका. डावी कड धरा, सरळ चाला. डबलसीट आणि सामान असेल तर गाडी तिच्या मनानं चढू द्या, ॲक्सिलेटर पिळत बसू नका. इंजिन तापतं, दुसरं काही होत नाही.

खरी चूक उतारावर होते. पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडून द्यायची, ही जुनी चेतकवाल्यांची सवय आपल्या पोरांनी उचलली आहे. स्कूटीत ॲक्सिलेटर सोडलं तरी इंजिन चालू असताना ते चाकाला थोडं मागं ओढून धरतं. चावी बंद केली की काही वेळात तो आधार सुटतो, ब्रेकचा लाइट, हॉर्न, हेडलाइट सगळं जातं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बहुतेक स्कूट्यांना ड्रम ब्रेक असतात. सतत दाबून ठेवले की ते तापतात आणि पकड ढिली पडते. म्हणून चावी चालू, ॲक्सिलेटर बंद, आणि दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे. एप्रिल 2019 पासून नव्या लहान गाड्यांना सीबीएस येतं, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. जुन्या गाडीत ते नाही. तिथं फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय असेल तर वाळूवर गाडी आडवी होते.

मांजरसुंब्याला बीड, चौसाळा, पाटोदा आणि नेकनूर-केज अशा चारही बाजूंची वाहनं एकत्र येतात. तिथं घाई करू नये. आणि चौपदरी रस्ता झाल्यापासून एक नवी सवय लागली आहे: पुढच्या दुभाजकाच्या तोंडापर्यंत जायचा कंटाळा येतो, म्हणून फाट्यावरून निघून राँग साइडनं अर्धा किलोमीटर. कडेकडेनं जातोय, काय होतंय! ताशी 80 नं समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोक्यात आपण तिथं असू हा विचारच नसतो. माझ्या ओळखीत या एका सवयीनं दोन घरं उजाड झाली. त्यातल्या एका घरचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो सातवीत, वडील गेले ते शाळेच्या वेळेत, आणि बातमी मला आधी कळली. त्याला वर्गातून बाहेर बोलावून काय सांगायचं हे बीएडमध्ये कुणी शिकवलेलं नसतं.

ऋतूप्रमाणं रस्ता बदलतो. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. ट्रक, ट्रॅक्टर, त्यात माणसं, भांडी, शेळ्या. मग उसानं भरलेल्या ट्रॉल्या. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. मगरिबनंतर या दिवसांत मी हायवेवर निघतच नाही, आणि निघावंच लागलं तर चाळीसच्या वर जात नाही. त्याच सुमारास कार्तिकीच्या दिंड्या कपिलधारला येतात, पहाटे अंधारात लोक चालत असतात. हॉर्न न मारता, हळू, लांबून जायचं. आपल्या उरुसाला किंवा इज्तेमाला जाणाऱ्यांच्या मधून कुणी गाडी घातली तर आपल्याला कसं वाटेल, तेच. सीताफळांचे दिवस असतील तर रस्त्याकडेला पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात आणि कारवाले अचानक ब्रेक मारतात. (बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे, 2016 पासून. डिक्कीत मात्र पिकलेली ठेवू नका, इंजिनाच्या उष्णतेनं घरी येईपर्यंत रबडी होते.)

पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणून टाकतात. त्यावर पहिला पाऊस पडला की साबण. ब्रेक न दाबता, हँडल न वळवता, सरळ पार व्हायचं. पाण्यातून गाडी काढली की ड्रम ब्रेक ओले होतात, दोन-तीनदा हलके दाबून वाळवायचे. रेनकोट बुरख्यावरून घ्यायचा तर पँट-शर्टचा घ्या, झग्यासारखा नको. तो पुन्हा चाकाकडेच जातो.

रमजानचं वेगळं सांगते. असरनंतरचा एक तास सगळ्यात वाईट. झोप कमी, पाणी नाही, उन्हाळ्यात रमजान आला तर डोकं जड, आणि प्रत्येकाला इफ्तारच्या आत घर गाठायचं असतं. डिक्कीत चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवा. अजान झाली तर गाडी कडेला घ्या, झाडाखाली रोजा उघडा, दहा मिनिटं बसा, मग निघा. मी घाटाच्या पायथ्याशी कितीदा उघडलाय. एकदा तर तिथल्या एका मावशीनं, शेळ्या घेऊन बसल्या होत्या, स्वतःची भाकरी अर्धी करून दिली.

लेकरं

लहान लेकरू पुढं उभं करायची पद्धत इतकी रुळली आहे की चूक वाटतच नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडी थांबलेली असते, इंजिन चालू असतं, आई दुकानदाराशी बोलत असते, आणि लेकरू उजवं हँडल धरून उतरायला बघतं. ॲक्सिलेटर पिळलं जातं, गाडी समोरच्या भिंतीवर. म्हणून लेकराला चढवताना आणि उतरवताना चावी बंद, हा नियमच करा. गाडी चालवताना अचानक ब्रेक लागला तर पुढं उभ्या लेकराचं तोंड थेट मीटरवर आदळतं, आणि मागून आईचं वजन.

2022 मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, 2023 पासून लागू आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला लहान मापाचं हेल्मेट, मूल चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 च्या आत. पट्टा ऑनलाइन मिळतो. मागं बसलेलं मूल झोपतं आणि कलतं, तेव्हा तो पट्टा किती कामाचा आहे हे कळतं. नवरा-बायको आणि दोन मुलं असं चौघं जण मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत. कपिलधारला जायचंय तर बीडहून एसटी आहे, काळी-पिवळी आहे.

मोठ्या मुलांचं अवघड. सोळा ते अठरा वयात पालकांच्या संमतीनं लायसन मिळतं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. आपल्या घरातल्या 110-125 सीसीच्या स्कूटीला ते चालत नाही, तिला अठरा पूर्ण पाहिजेत. विनालायसन अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा किंवा अपघात केला तर कलम 199-अ प्रमाणं पालक किंवा गाडीमालक जबाबदार: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. शब-ए-बारातच्या रात्री जी पोरं तीन-तीन बसून सायलेन्सर काढून फिरतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या अब्बांच्या नावावर असतात. इबादतीच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या आया मी बघितल्या आहेत.

शाळकरी मुलांसाठी ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी, 250 वॉटपर्यंतची विजेची स्कूटी मिळते. तिला लायसन-नोंदणी लागत नाही. गल्लीत, शाळेपर्यंत ठीक. तिला घेऊन हायवेवर किंवा घाटात जाऊ देऊ नका.

डिक्की आणि देखभाल

माझ्या डिक्कीत असतं ते: रेनकोट, जुनी सुती ओढणी (पुसायला, बांधायला, जखम दाबायला), बँडेज आणि अँटिसेप्टिक, छोटी टॉर्च, पाण्याची बाटली, खजूर, सुटे पैसे, आणि एका चिठ्ठीवर घरचे दोन नंबर आणि रक्तगट. मोबाईल लॉक असला तर चिठ्ठीच कामाला येते. गॅसची टाकी पायाशी ठेवून नेणं बंद केलंय. वळताना पाय खाली टेकवता येत नाही.

हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना. किती ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुतेक गाड्यांवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा जास्त, आणि डबलसीटसाठी आणखी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर लवकर फाटतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर रस्त्यात उपसू नका, तसंच हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. ऑइल मिस्त्रीनं समोर बदललं पाहिजे, आणि गिअर ऑइल वेगळं असतं, ते विचारून टाकून घ्या. बाईमाणूस बघून "सगळं केलंय मॅडम" म्हणणारे असतात. एकदा मला तसं सांगितलं होतं आणि ब्रेकचे लायनर जुनेच निघाले. तेव्हापासून जुने भाग हातात मागून घेते. बेल्ट पंधरा-वीस हजार किलोमीटरला उघडून बघावा. घाटात तुटला तर ढकलण्याशिवाय इलाज नाही.

कागद

बीडचा नंबर एमएच-23, अंबाजोगाईचा एमएच-44. लायसन, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं डिजिलॉकरमध्ये ठेवलेलं चालतं. लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. बिनगिअरचं लायसन काढलं असेल तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही, हे बऱ्याच मुलींना माहीत नसतं.

सगळ्यात मोठा घोळ सेकंड-हँड गाडीचा. ओळखीतली गाडी, पैसे दिले, चावी घेतली, नावावर करायचं राहून गेलं. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी आरसीवरचं नाव बघते. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव चढवायचं, फॉर्म 29 आणि 30. सप्टेंबर 2018 नंतर नवीन घेतलेल्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा असतो, पण तो आपण ज्याला धडक देऊ त्याच्यासाठी. चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि त्याला वैध लायसन पाहिजे. नवऱ्याच्या नावावरची गाडी बायको चालवत असेल तर ते मालकाचं संरक्षण तिला मिळत नाही. एवढ्यासाठी मी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबा. 108 ला फोन करा, हायवेवर 1033 पण आहे. जखमीला पाणी पाजू नका, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पोलिसांच्या झंझटीची भीती आता नको: कलम 134-अ प्रमाणं मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत अपघातातल्या जखमीला ठरावीक दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळतात. अज्ञात वाहनानं धडक देऊन पळ काढला आणि माणूस गेला, तर वारसांना दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, त्याचा अर्ज तहसील कार्यालयातून होतो. हा अर्ज मी दोन कुटुंबांना भरून दिलाय. एफआयआरची प्रत, पोस्टमार्टेमचा रिपोर्ट, आधार आणि बँक पासबुक, एवढे कागद पहिल्या आठवड्यातच गोळा करून एका पिशवीत ठेवा. नंतर फार फेऱ्या माराव्या लागतात.